कार्यकर्त्याचा थकवा आणि त्याचा हिशेब

बीड, लातूर, धाराशिव, परभणीकडे सामाजिक संस्थांत काम करणाऱ्यांमध्ये एक वाद गेली काही वर्षे धुमसतो आहे. चार-पाच वर्षे जीव तोडून काम केलेली एखादी कार्यकर्ती अचानक राजीनामा देते. कारण विचारले तर "आता नाही होत, दमले मी" एवढेच सांगते. लगेच दोन तट पडतात. ज्येष्ठ म्हणतात, हल्लीच्या पोरांत निष्ठा उरली नाही. आम्ही चटणी-भाकरीवर दिवस काढले, मिळेल त्या गाडीने गावे पालथी घातली, आम्हाला कधी 'बर्नआउट', म्हणजे कामाने आतून रिते होणे, झाला नाही. तरुण म्हणतात, स्वतःला जपा, 'नाही' म्हणायला शिका, संध्याकाळनंतर फोन बंद ठेवा. पहिल्या तटाला हा चारित्र्याचा दोष वाटतो, दुसऱ्याला मनाच्या व्यायामाचा विषय. मला दोघेही एकच चूक करताना दिसतात. दोघांचीही नजर त्या कार्यकर्तीवरच खिळलेली आहे. तिच्यावर सोपवलेले काम कसे आखलेले होते, ते कोणी आखले, त्यात तिच्या पाठीशी कोण उभे होते, हे कोणी विचारत नाही.

माझे म्हणणे सरळ आहे. कार्यकर्त्याचा थकवा कामाच्या आखणीतून तयार होतो. त्याची जबाबदारी संस्था, निधी देणारे आणि सरकार या तिघांची आहे. ती टाळली की पहिला फटका कार्यकर्त्याला बसतो हे खरे, पण खरी किंमत मोजतो तो मदत मागायला दारात आलेला माणूस. या माणसाचा उल्लेखच होत नाही, म्हणून हा वाद इतका पोकळ वाटतो.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. बर्नआउट हे शहरातल्या, पॅकेजवाल्या नोकरदारांचे दुखणे आहे, आपल्या सेवाकार्याशी त्याचा काय संबंध, असे अनेकांना मनापासून वाटते. इतिहास नेमका उलटा आहे. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये ही संकल्पना मांडली ती न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यातल्या अनुभवावरून. दिवसभर आपापली कामे करून लोक तिथे संध्याकाळी विनामोबदला राबायचे, स्वतः फ्रॉइडेनबर्गरही त्यांच्यातलाच. काही काळाने हीच माणसे चिडचिडी, कडवट, निर्विकार होताना त्याला दिसली. आणि यात आधी सापडतात ते कामाला वाहून घेतलेले लोक, हे त्याचे निरीक्षण होते. पुढे क्रिस्टिना मॅस्लॅक यांनी या अवस्थेची तीन अंगे सांगितली: भावनिकदृष्ट्या रिते होणे, समोरच्या माणसाबद्दल कोरडे होणे आणि आपल्या हातून काहीच होत नाही असे वाटू लागणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद केली, पण आजार म्हणून नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट न हाताळल्याचा परिणाम म्हणून. म्हणजे 'निष्ठा असेल तर थकवा येत नाही' हे मुळातच चुकीचे आहे, आणि 'मन घट्ट करा' हा सल्लाही अपुरा आहे. ताण जिथे निर्माण होतो, तिथेच त्याचा विचार व्हायला हवा.

मराठवाड्यात तो कुठे निर्माण होतो? एका घरात शेतकऱ्याने आत्महत्या केली आहे. दहावा झाल्यावर संस्थेची कार्यकर्ती तिथे जाते. ओसरीवर सासरा बसलेला असतो, आत बाई, तिच्या मांडीवर धाकटे पोर. कार्यकर्तीच्या पिशवीत एक फॉर्म असतो: सातबारा, बँकेचा दाखला, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, रेशनकार्डाची झेरॉक्स. सरकारी मदत १ लाख रुपयांची, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार बँकेत ठेव, आणि तीही प्रकरण 'पात्र' ठरले तर. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती ते ठरवते. शेती आहे का, कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे आहे का, वसुलीचा तगादा होता का, हे बघितले जाते. गावातल्या बिनपरवाना सावकाराकडून चिठ्ठीवर घेतलेले पैसे या कागदांत कुठेच दिसत नाहीत. मग प्रकरण 'अपात्र' ठरते. हा निर्णय समिती घेते, पण त्या ओसरीवर जाऊन तो सांगतो कोण? बहुतेक वेळा तीच कार्यकर्ती. बाई तिलाच विचारते, "ताई, तुम्ही तर म्हणला होता कागद दिले की होईल." ताईकडे याला उत्तर नसते. तिच्या हातात निर्णय नव्हता, तिने दिलेला शब्द मात्र तिचा स्वतःचा होता.

ज्येष्ठ मंडळी थकवा म्हणजे कष्टाचा थकवा समजतात, तिथे त्यांची गल्लत होते. उन्हातान्हात मोटारसायकलवर शंभर किलोमीटर फिरण्याने अंग दुखते, रात्रीच्या झोपेने ते उतरते. दुसऱ्याने दिलेला नकार आपल्या तोंडाने सांगावा लागतो, त्याचा थकवा झोपेने जात नाही. करायला हवे ते कळते, करण्याचा अधिकार नाही, आणि तरी तोंड द्यायचे ते आपणच, अशा जागी माणसाला वर्षानुवर्षे उभे केले तर तो आतून मिटत जातो. बालविवाहाचेही तसेच. २००६ च्या कायद्यानुसार आपल्याकडे ग्रामीण भागात ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे. प्रत्यक्षात लग्नाची कुणकुण लागते ती अंगणवाडीताईला किंवा संस्थेच्या कार्यकर्तीला. ती मुलांच्या मदतीसाठीच्या १०९८ या फोन क्रमांकावर कळवते, पोलीस येतात, मांडव उतरतो, मुलीला बालकल्याण समितीसमोर नेतात, आई-वडील हमीपत्र लिहून देतात. ग्रामसेवक संध्याकाळी तालुक्याच्या गावी जातो, पोलीस ठाण्यावर जातात. कार्यकर्तीला त्याच गावात राहायचे असते. पाण्यावर गेली की बायका तोंड फिरवतात, किराणा दुकानात टोमणे पडतात, नवरा म्हणतो, "तुलाच कशाला पडल्यात नसत्या उठाठेवी?" आणि महिनाभराने कळते की त्या पोरीचे लग्न पाहुण्यांच्या गावी गुपचूप लावून दिले. अहवालात मात्र 'एक बालविवाह रोखला' अशी नोंद पक्की असते. ही नोंद रोज डोळ्यांसमोर असताना मन शाबूत ठेवायचे, हे कोणत्या निष्ठेच्या जोरावर?

याचा परिणाम होतो तो येणाऱ्या माणसावर. रिती झालेली कार्यकर्ती काम सोडते ती पुढची पायरी. त्याआधीच्या दीड-दोन वर्षांत ती कोरडी झालेली असते. नवऱ्याने मारलेली बाई तिच्यासमोर बोलत असते आणि ती फॉर्मवरच्या कॉलममध्ये टिक करत असते. "पुन्हा तीच केस आली" असे सहज तोंडून जाते. तिसऱ्यांदा माहेरी आलेल्या बाईला ती म्हणते, "तुम्हीच जर परत जाणार असाल तर आम्ही काय करायचं?" ही वाईट बाई नाही. पाच वर्षांपूर्वी हीच रात्री दहाला पोलीस ठाण्यात बसून राहिली होती. पण समोरची बाई त्या वाक्यानंतर चौथ्यांदा येत नाही. एसटीच्या चालकाचे उदाहरण घ्या. मोटार परिवहन कामगार कायद्याने १९६१ मध्येच चालकाच्या कामाला दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. चालकाची झोप हा मागे बसलेल्या पन्नास प्रवाशांच्या जिवाचा प्रश्न आहे, हे आपल्याला सहज पटते. 'खरा सेवाभावी चालक झोपेशिवाय गाडी चालवतो' असे कोणी म्हणत नाही. मग आत्महत्येच्या विचाराने ग्रासलेल्या माणसाशी बोलणाऱ्याच्या बाबतीत आपण तेच कसे म्हणतो?

विरोधी बाजूचे तीन मुद्दे मात्र वजनदार आहेत, आणि ते खोडण्याआधी नीट ऐकले पाहिजेत. पहिला: ज्यांच्यासाठी काम करता त्यांच्या कष्टापुढे तुमचा थकवा तो काय? बीड जिल्ह्यातली ऊसतोड करणारी बाई पहाटे थंडीत फडात उतरते, मोळ्या डोक्यावर वाहते, खोपीत स्वयंपाक करते, आणि उचल फिटेपर्यंत आजारपणाची सुट्टीसुद्धा तिला परवडत नाही. २०१९ मध्ये झालेल्या सर्वेक्षणात ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. तिच्यासमोर साप्ताहिक सुट्टीची भाषा करताना जीभ अडखळते, हे मी मान्य करतो. पण याच बाईला काय हवे आहे ते बघा. ती दिवाळीच्या सुमाराला जिल्ह्याबाहेर जाते, उन्हाळ्यात परत येते. अंगावरून पाणी जाते, पोट दुखते, हे ती पहिल्या भेटीत सांगत नाही. दुसऱ्या वर्षीही सांगेल याची खात्री नाही. ओळखीचा चेहरा तिसऱ्या उन्हाळ्यात पुन्हा दारात आला तर कदाचित सांगेल, आणि मग खासगी डॉक्टरने "पिशवी काढून टाका" म्हटल्यावर आधी त्या चेहऱ्याला फोन करेल. दर दीड वर्षाने कार्यकर्ती बदलत असेल तर रजिस्टर पुढच्या हातात जाते, ओळख जात नाही. म्हणजे कार्यकर्तीने टिकणे ही त्या ऊसतोड बाईचीच गरज आहे. एकीच्या हालांचा दाखला देऊन दुसरीला गप्प बसवल्याने पहिलीच्या डोक्यावरची मोळी हलकी होत नाही.

दुसरा मुद्दा आपल्या इतिहासाचा आहे आणि तो मला सगळ्यात जवळचा वाटतो. मराठवाडा घडला तो बिनपगारी माणसांच्या जोरावर. हैदराबाद मुक्तिसंग्रामात लोकांनी घरे सोडली, सरहद्दीवरच्या कॅम्पांत राहिले, तुरुंगात गेले. १७ सप्टेंबर १९४८ त्यातून आला. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव १९७८ मध्ये झाला आणि नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. मधली सोळा वर्षे माणसांनी घरे जळताना पाहिली, लाँग मार्च काढले, लाठ्या खाल्ल्या. त्यांना कोणी भत्ता दिला होता का? नव्हता दिला. पण चळवळीने त्यांना जे दिले ते आजचा प्रकल्प देत नाही. चळवळीत शत्रू समोर दिसत होता, शेजारी साथीदार होता, मुक्कामाच्या गावात कोणीतरी ताट वाढत होते. एक अटकेत गेला की दुसरा पुढे यायचा. काय करायचे हे माणसे बसून ठरवत, आणि ठरवण्यात आपला वाटा होता म्हणून सोसण्यातही बळ होते. आजची कार्यकर्ती पंधरा-वीस गावांत एकटी फिरते. तिचे टार्गेट मुंबई-दिल्लीत ठरते. संध्याकाळी तिची गाठ पडते ती मोबाइलमधल्या ॲपशी, आणि त्यात जीपीएसचा फोटो अपलोड झाला नाही तर भेट झालीच नाही असे धरले जाते. चळवळीचा त्याग मागायचा आणि कंत्राटाची शिस्त लावायची, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाकडून कशा मागता येतील?

शिवाय त्यागाची परंपरा आपण अर्धवट वाचतो. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०५ मध्ये भारत सेवक समाज काढला तेव्हा सभासदांकडून आयुष्यभराची सेवा मागितली, पण त्यांच्या आणि त्यांच्या कुटुंबाच्या निर्वाहाची तजवीज संस्थेने करायची असेही ठरवले. सभासदाने साधे राहावे. उपाशी राहावे अशी अट नव्हती. पैशाचा हिशेब मांडणाऱ्या गोखल्यांनीही शरीराचा मांडला नाही आणि वयाच्या ४८ व्या वर्षी ते गेले. कर्मवीर भाऊरावांच्या वसतिगृहातली पोरे जेवावीत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने विकले, मंगळसूत्रही मोडले. आपण हा प्रसंग अभिमानाने सांगतो आणि सांगायलाच हवा. पण एका माणसाच्या ध्येयाची किंमत घरातल्या किती माणसांनी भरली, हा प्रश्नही त्यातच आहे. तेरच्या गोरोबाकाकांची कथा तर मराठवाड्यात लहान पोरालाही ठाऊक असते: नामात दंग होऊन चिखल तुडवताना पोटचे पोर पायाखाली आले. कथेत विठ्ठल ते पोर परत देतो. आमच्या ओळखीच्या कितीतरी कार्यकर्त्यांच्या मुलांची शाळा, बायकोची दवाखान्याची तारीख, आईचे शेवटचे दिवस असेच पायाखाली गेले, आणि ते परत द्यायला कोणी आले नाही. किल्लारीच्या भूकंपाची आठवण काढा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे सुमारे ८ हजार माणसे गेली. देशभरातून स्वयंसेवक धावून आले, महिना-दोन महिने राबले आणि आपापल्या घरी परतले. मागे राहिलेले इथले शिक्षक, परिचारिका, कार्यकर्ते यांच्यातल्या अनेकांची स्वतःची माणसे ढिगाऱ्याखाली गेली होती. त्यांना परतायला दुसरे गाव नव्हते. स्थानिक कार्यकर्त्याचे आजही हेच आहे. ज्या दुष्काळात, ज्या कर्जात, ज्या जातीच्या उतरंडीत लोक अडकले आहेत, त्यातच त्याचेही घर आहे.

तिसरा मुद्दा पैशाचा. संस्थाचालक विचारतात, कार्यकर्त्यांच्या पगारावर आणि सुट्ट्यांवर खर्च केला तर गरिबांसाठी काय उरणार? हा प्रश्न प्रामाणिक आहे, कारण तालुक्याच्या ठिकाणी संस्था चालवणाऱ्याची ओढाताण मी जवळून पाहिली आहे. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीने अशा देणगीतून प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा, निधी बहुधा वर्षाच्या, फार तर तीन वर्षांच्या हिशेबात येतो. देणगीदाराला शौचालय दिसते, टँकर दिसतो, शाळेच्या भिंतीवर नाव दिसते. पण बंधारा बांधताना सिमेंट हा 'प्रशासकीय खर्च' आहे असे कोणी म्हणते का? आत्महत्याग्रस्त कुटुंबाच्या ओसरीवर, मार खाल्लेल्या बाईसोबत, लग्न मोडलेल्या पोरीजवळ बसणे हे काम असेल, तर तिथे बसणारी व्यक्ती हेच सिमेंट आहे. तिच्यावर केलेला खर्च गरिबांच्या तोंडचा घास काढून केलेला नसतो, तो गरिबांपर्यंत पोहोचण्याचाच खर्च असतो. आणि निधीला कात्री लागली की सगळ्यात आधी काय जाते? कार्यकर्त्यांचे म्हणणे आठवड्यातून एकदा ऐकून घेणारा अनुभवी माणूस. समाजकार्य महाविद्यालयात शिकताना क्षेत्रकार्याच्या दर आठवड्याला मार्गदर्शकाशी बसून बोलायची पद्धत असते. कुठे चुकले, काय सहन झाले नाही, पुढे काय करायचे. पदवी मिळाली, खरीखुरी माणसे समोर आली, की हे बसणे कायमचे बंद. आधाराची गरज शिकणाऱ्याला असते आणि काम करणाऱ्याला नसते, हे कोणी ठरवले?

सरकारबद्दल वेगळे लिहिले पाहिजे, कारण मराठवाड्यात समाजकार्याचा सगळ्यात मोठा भार आज संस्थांच्या नव्हे, आशाताई आणि अंगणवाडीताईंच्या खांद्यावर आहे. शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी राज्याने 'प्रेरणा प्रकल्प' काढला, तेव्हा घरोघर जाऊन नैराश्याची प्रश्नावली भरण्याचे काम आशांकडेच आले. गरोदर बाईची नोंद, लसीकरण, क्षयरोग, कुष्ठरोग यांच्या जोडीला आता शेजारच्या शेतकऱ्याला "मरावंसं वाटतं का?" हेही तिनेच विचारायचे. तो "हो" म्हणाला तर त्या रात्री झोप कोणाची उडणार? जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये भारतातल्या आशांचा गौरव केला. त्याच वर्षी २५ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. तरीही २०२३ च्या डिसेंबरात महाराष्ट्रातल्या अंगणवाडीताईंना मानधन, पेन्शन, ग्रॅच्युइटीसाठी बेमुदत संपावर जावे लागले. ज्यांना हे सगळे 'सेवाभावा'ने चालावे असे वाटते, त्यांनी त्या संपातल्या बायकांशी बोलावे. त्यांना काम सोडायचे नव्हते, काम करत राहता यावे एवढ्यासाठी त्या रस्त्यावर होत्या.

आता तरुणांच्या तटाबद्दल. त्यांचे दुःख खरे आहे, उपाय मात्र फसवा आहे. प्राणायाम, ध्यान, 'स्व-काळजी'ची एक दिवसाची कार्यशाळा यांना माझा विरोध नाही. पण तालुक्याच्या हॉटेलात दिवसभर श्वासाचे व्यायाम करून घेतले आणि दुसऱ्या दिवशी तेवढीच गावे, तेच टार्गेट आणि रात्री अकराला समन्वयकाचा "उद्या सकाळपर्यंत डेटा पाठवा" हा मेसेज असेल, तर ती कार्यशाळा कार्यकर्तीला एवढेच शिकवते की दोष तिच्या श्वासात होता. फोन बंद ठेवा हा सल्लाही असाच. नवऱ्याच्या माराने रात्री घराबाहेर पडलेल्या बाईकडे तिचाच नंबर आहे. तिने फोन बंद ठेवायचा तर त्या रात्री दुसरा कोणाचा तरी फोन चालू असला पाहिजे. पाळी लावणे हे संस्थेचे काम आहे, एकट्या माणसाच्या मनोनिग्रहाने ते होत नाही.

मोठ्या निधीची वाट न पाहता करता येण्यासारखे बरेच आहे. आत्महत्या किंवा हिंसाचार झालेल्या घरी पहिल्या भेटीला एकटे कोणालाही पाठवू नये. 'अपात्र'चा निरोप संस्थेच्या प्रमुखाने स्वतः जाऊन सांगावा, नाहीतर तो तलाठ्याने लेखी द्यावा असा आग्रह धरावा. भविष्य निर्वाह निधी भरणे ही कायद्याने लागू असेल तिथे मेहेरबानी समजू नये. एकेका संस्थेला समुपदेशक ठेवणे परवडत नसेल तर जिल्ह्यातल्या आठ-दहा संस्थांनी मिळून एक ठेवावा; तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेचा परिसर आहे, मराठवाड्यात समाजकार्याची महाविद्यालये आहेत, तिथल्या अनुभवी शिक्षकांना महिन्यातून दोन दिवस मागून घेता येतील.

एवढे सांगितल्यावर संस्थाचालकांचा हमखास प्रश्न येतो: हे सगळे करायचे तर चाळीस गावांचे काम होणार कसे? माझे उत्तर असे आहे की होणार नाही. चाळीस गावे ही प्रस्तावात शोभावी म्हणून लिहिलेली संख्या असते आणि ती लिहिताना त्या चाळीस गावांत जाणाऱ्या माणसाला कोणी विचारलेले नसते. वीस गावे घ्यावीत. देणगीदाराला पत्र लिहून कळवावे की आमच्याकडे चार कार्यकर्त्या आहेत, एकीला पाच गावेच नीट सांभाळता येतात, दर आठवड्याला अर्धा दिवस त्या एकत्र बसणार आहेत आणि तो अर्धा दिवस कामाचाच आहे, त्याचे पैसे प्रकल्पात धरले आहेत. एखादा देणगीदार नाराज होईल, एखादा निधीही जाईल. पण हे पत्र एकट्या संस्थेने लिहिण्याऐवजी जिल्ह्यातल्या सगळ्या संस्थांनी एकाच मजकुराने, एकाच महिन्यात लिहिले, तर नकार देणे देणगीदारांनाही सोपे जाणार नाही. राज्य सरकारलाही त्याच पत्राची प्रत जावी, आशा आणि अंगणवाडीच्या संघटनांच्या सह्यांसकट.